एक जागा, दोन अर्ज

नांदेडमधल्या आमच्या ऑफिसला ज्या दिवशी कुलूप लागलं, त्या दिवशी आमच्या घरातली दोन माणसं एकदम बेकार झाली. एक मी आणि दुसरी माझी बायको, शोभा. ऑफिसचे मालक इंजिनिअर होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. सरांच्या मुलानं त्यांना आपल्याजवळ पुण्याला नेलं आणि जाताना सरांनी आमच्या हातात एकेक अनुभवाचा दाखला ठेवला. दोन्ही दाखल्यांवर मजकूर एकच होता : 'कामात चोख व स्वभावाने शांत.' मी तो दोनदा वाचला आणि खूश झालो. शोभानं एकदा वाचला आणि म्हणाली, "सरांनी दोन्हीबी माझ्याकडंच बगून लिवलंय."

आमच्या दोघांच्या कामातला फरक बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही, म्हणून आधी तो सांगतो. मी ड्राफ्ट्समन. म्हणजे घर उभं राहायच्या आधी ते कागदावर काढणारा. खोली केवढी, दार कुठं, जिना कुठून चढतो, खिडकीतून काय दिसतं, हे सगळं माझ्या पेन्सिलीतून आणि पुढं कॉम्प्युटर आल्यावर त्याच्या माऊसमधून निघायचं. शोभा एस्टिमेटर. मी काढलेलं घर ती मोजायची. विटा किती, सिमेंट किती पोती, वाळू किती ब्रास, गिलावा किती चौरस फूट. मी घर काढलं की लोक म्हणायचे, "वा, काय सुंदर." तिनं हिशेब मांडला की लोक म्हणायचे, "एवढं?" त्यामुळं ऑफिसात आवडता कोण, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती.

माझ्या कलेचा एक पुरावा अजून लोह्यात आहे. एका मास्तरांच्या घराचा नकाशा मी काढला होता. समोरची बाजू रंगवून दिली, झाडं काढली, दारात एक सायकलसुद्धा उभी केली. मास्तर इतके हरखले की त्यांनी तो नकाशा काचेत मढवून दिवाणखान्यात लावला. पुढं मी वास्तुशांतीला गेलो, तेव्हा भिंतीवर माझं घर होतं आणि मी उभा होतो ते भलतंच कुठलं तरी घर होतं. गवंड्याशी बोलून मास्तरांनी सगळं बदललं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "नकाशा लई भारी व्हता हो. त्याला हात लावावासा वाटला न्हाई."

शोभाचा किस्सा वेगळा आहे. कंधारकडच्या एका निवृत्त हेडमास्तरीणबाईंना तिनं विटांचा आकडा दिला. गवंडी म्हणाला, एवढ्यात भागणार नाही, अजून दोन ट्रॅक्टर लागतील. बाई फोन करून करून थकल्या. शोभा दरवेळी एकच सांगायची, "म्याडम, आणू नका. पुरतंय." घर पूर्ण झालं तेव्हा अंगणात मोजून आठ-दहा विटा उरल्या होत्या. बाईंनी त्यांची चूल मांडली आणि पहिल्या भाकरी आम्हाला पाठवल्या. त्या भाकरी खाताना मी म्हणालो होतो की तुझं काम म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी. शोभानं दुसरी भाकरी माझ्या ताटात वाढली होती.

तर आम्ही दोघंही घरी बसलो. लेक प्राची औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती सकाळी कॉलेजला निघाली की आम्ही दोघं समोरासमोर पेपर घेऊन बसायचो. मी पुढची पानं, ती जाहिरातींची. महिन्याभरानं तिनं एक चौकोन बोटानं दाखवला. लातूरच्या एका बांधकाम फर्मला 'ड्राफ्ट्समन-कम-एस्टिमेटर' हवा होता. जागा एक. इंजिनिअरची पदवी किंवा दहा वर्षांचा अनुभव. अर्ज मेलनं करायचा, निवड झालेल्यांना परीक्षेला बोलावणार.

"तुमी करा अर्ज," ती म्हणाली.

"कर की तूबी," मी म्हणालो. मोठ्या मनानं म्हणालो, हे आता कबूल करायला हरकत नाही. नकाशा आणि हिशेब, दोन्ही येणारा माणूस त्यांना हवा होता. आम्हा दोघांनाही अर्धंच येत होतं. फक्त माझं अर्धं मोठं आहे असा माझा समज होता.

अर्ज मीच टाईप केले. माझा बायोडेटा तीन पानी झाला. त्यात लोह्याच्या मास्तरांची सायकल सोडून सगळं आलं. मग शोभाचा करायला बसलो तोवर कंटाळा आला होता. माझ्याच बायोडेटाची नक्कल केली, नाव बदललं, जन्मतारीख बदलली, मधला मजकूर काढून टाकला आणि अर्ध्या पानात तिला बसवलं. तिनं विचारलं, "समदं बराबर हाय का?" मी म्हणालो, "हाव." दोन्ही अर्ज माझ्याच मेलवरून गेले.

दोघांनाही बोलावणं आलं.

सकाळच्या एसटीनं निघालो. लोहा मागं पडलं, अहमदपूरला चहा घेतला. गाडीत मी तिला धीर देऊन राहिलो होतो. म्हणालो, नकाशाच्या पेपरात घाबरू नको, रेघ वाकडी आली तर आली. शोभाची रेघ खरोखर वाकडी येते. तिनं काढलेली खिडकी पाहिली तर ती उघडी आहे की निखळली आहे हे सांगता येत नाही. ती म्हणाली, "बरं." आणि खिडकीबाहेर सोयाबीनची रानं बघत बसली.

फर्मचं ऑफिस औसा रोडला होतं. उमेदवार अकरा. आम्ही दोघं सोडलो तर बाकी सगळी इंजिनिअर झालेली पोरं-पोरी, प्रत्येकाच्या पाठीवर लॅपटॉपची पिशवी. परीक्षा घेणार होते बिरादार साहेब. उदगीरकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन या फर्ममध्ये मुख्य झालेले, सत्तरीच्या घरातले गृहस्थ. त्यांनी सगळ्यांचे लॅपटॉप एका टेबलावर ठेवून घेतले. म्हणाले, "यंत्र सगळ्यांनाच येतं. मला माणसाला काय येतं ते बघायचंय." ऑफिसच्या मागं चौकीदारासाठी दोन खोल्यांचं घर बांधायला घेतलं होतं. भिंती उभ्या होत्या, स्लॅब पडला होता, गिलावा व्हायचा होता. ते घर टेपनं मोजायचं, हातानं कागदावर काढायचं आणि त्याच्या विटांचा न् गिलाव्याचा हिशेब करायचा. वेळ तीन तास.

आता टेपनं मोजणं हे दिसतं तितकं एकट्याचं काम नाही. टेपचं शून्याचं टोक कुणीतरी भिंतीला दाबून धरावं लागतं, तेव्हा दुसऱ्याला आकडा वाचता येतो. पोरं एकमेकांची स्पर्धक, त्यामुळं कुणी कुणाचं टोक धरेना. एकानं टोकावर वीट ठेवली, ती घसरली. एकानं बुटाखाली दाबलं. मी आणि शोभानं अठरा वर्षं एकमेकांची टोकं धरली होती. मी "झिरो" म्हणायच्या आत ती कोपऱ्यात वाकलेली असायची. अर्ध्या तासात आमचं घर मोजून झालं. बिरादार साहेब लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "तुम्ही दोघं ओळखीचे?"

"हाव साहेब," मी म्हणालो, "थोडेफार."

शोभानं माझ्याकडं पाहिलं नाही, पण टेप गुंडाळताना ती जरा जोरातच गुंडाळली.

मग सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलं. माझ्या शेजारच्या टेबलावर शोभा. देखरेखीला ऑफिसातला एक क्लार्क. मी नकाशा काढला आणि खोटं कशाला बोलू, देखणा काढला. अक्षरं छापल्यासारखी. वरच्या कोपऱ्यात दिशेचा बाण काढला, उत्तरेचा. नांदेडच्या ऑफिसात उत्तर नेहमी कागदाच्या वरच्या बाजूला असायची, इतकी वर्षं बाण वरच काढला, तसा इथंही काढला.

शोभा पेन्सिलीला टोक करायच्या निमित्तानं माझ्या बाजूला झुकली. हळूच म्हणाली, "तुमचं उत्तर चुकलंय."

"कोणतं उत्तर?" मी म्हणालो. प्रश्नपत्रिका तर नव्हतीच.

"उत्तर वो. उत्तर."

क्लार्क ताडकन उठला. "ओ बाई, उत्तरं सांगायची न्हाईत. ज्याचं त्यानं लिवायचं."

"उत्तर न्हाई सांगून राहिले, दिशा सांगून राहिले," शोभा म्हणाली. क्लार्कला त्यात काय फरक ते कळेना. माझ्या डोक्यात मात्र उजेड पडला. सकाळी त्या घराच्या दाराकडं तोंड करून उभा होतो तेव्हा ऊन माझ्या पाठीवर होतं. म्हणजे दार पूर्वेला, आणि माझ्या कागदाप्रमाणे ते दक्षिणेला गेलं होतं. आपल्याकडं दक्षिणेला दार काढणारा ड्राफ्ट्समन म्हणजे अंगणात साप सोडणारा माणूस. मी बाण खोडला, नीट काढला. खोडरबराचा डाग राहिला, पण चूक राहिली नाही.

आता यापुढचं सांगताना जरा जड जातं.

दहा-पंधरा मिनिटांनी माझी नजर शोभाच्या कागदावर गेली. ती गिलाव्याचा हिशेब करत होती. गिलावा मोजताना आधी सगळी भिंत धरायची आणि मग दार-खिडकीची मोकळी जागा वजा करायची, याला आम्ही कपात म्हणतो. भिंतीला आतून गिलावा, बाहेरून गिलावा. खिडकीचं भोक दोन्ही अंगांना. म्हणजे कपातही दोनदा करायला हवी. मी तशी केली होती. शोभानं प्रत्येक खिडकी एकदाच वजा केली होती. प्रत्येक दारही एकदाच. सगळ्या यादीत एकच चूक, ओळीनं.

मला ते स्पष्ट दिसलं. माझ्या तोंडात शब्द आलाही होता. त्याच वेळी मनात दुसरं काहीतरी आलं. जागा एक आहे. नकाशात मी पुढं आहेच. आता हिशेबातही ती मागं पडली, तर प्रश्न मिटला. क्लार्क बघतो आहे, उगाच गडबड नको, असं मी स्वतःला सांगितलं. क्लार्क त्या वेळी मोबाईल बघत होता. मी उठलो आणि हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेल्या जारचं पाणी प्यायलो. तहान नव्हती, तरी दोन ग्लास प्यायलो. परत येऊन बसलो तेव्हा शोभानं बेरीज मारली होती.

दुपारनंतर एकेकाला आत बोलावलं. माझा नंबर आधी लागला. बिरादार साहेबांनी माझा नकाशा हातात धरून लांबून पाहिला, जवळून पाहिला. "हात चांगला आहे तुमचा," म्हणाले. "अशी अक्षरं आता कोण काढतं." मी आतून फुललो. मग त्यांनी हिशेबाचं पान उलटलं. "गिलाव्यात खिडक्या दोन्हीकडून वजा केल्यात?"

"हाव साहेब. भोक दोन्हीकडून दिसतंय."

"हौदु," ते म्हणाले. उदगीरकडची माणसं बोलता बोलता असा कानडी होकार देतात. त्या 'हौदु'चा अर्थ मी 'बरोबर' असा घेतला. त्याचा अर्थ 'ऐकलं' इतकाच होता. दहा मिनिटांत मी बाहेर आलो.

शोभा आत गेली ती पाऊण तास बाहेर येईना. मी बाकावर बसून होतो. मनात म्हटलं, खिडक्यांवरून झाडून राहिले असतील बिचारीला. मला खरंच वाईट वाटलं. समोरच्या गाड्यावरून मी तिच्यासाठी गरम भजी आणून ठेवली. ती बाहेर आली, भजी बघून म्हणाली, "हे कशापायी?"

"असंच," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत मी जपून विचारलं, काय काय विचारलं साहेबांनी. ती म्हणाली, "पैलं तर त्यांनी विचारलं, तुमाला क्रिकेट बगायची आवड हाय, तर त्यात काय आवडतं."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. नक्कल करताना छंदाची ओळ बदलायची राहिली होती.

"मग काय म्हणालीस?"

"म्हणलं, जेवायची सुट्टी आवडती. तेवढ्या टायमाला टीव्ही बंद ऱ्हातो." ती पुढं म्हणाली, "साहेब लई हसले. मग त्यांनी फर्मचं एक जुनं एस्टिमेट पुढ्यात ठेवलं, म्हणले तपासा. तपासलं."

"आन् खिडक्यांचं काही?"

"इचारलं. सांगितलं."

पुढं मी खोदलं नाही. पडलेल्या माणसाला कुठं लागलं ते किती विचारायचं, असा माझा भाव होता.

आठ दिवसांनी मला फोन आला. एक मुलगी बोलत होती. "एस. गायकवाड का? लातूरहून बोलते. तुमचं सिलेक्शन झालंय. एक तारखेला हजर व्हायचं. लेटर मेल करते."

मी सुरेश गायकवाड. मी म्हणालो, "हाव म्याडम, येतो." फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन शोभाला सांगितलं. तिच्या हातात पिठाचा गोळा होता. ती म्हणाली, "चला, एकाला तरी लागली." आणि ती खरंच हसली. ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे, कारण त्यात काही राखून ठेवलेलं नव्हतं.

मी पेढे आणले. विहारासमोरच्या कट्ट्यावर वाटले, गल्लीत वाटले, प्राचीच्या मैत्रिणींना दिले. कट्ट्यावरच्या मंडळींना मी लातूरच्या फर्मचं वर्णन करून सांगितलं. सांगता सांगता फर्म दोन मजल्यांनी वाढली.

संध्याकाळी शोभा माझा शर्ट इस्त्री करत होती. मी खुर्चीत बसून तिला धीर देत होतो. "तुजंबी बगू कुठंतरी," मी म्हणालो. "साहेबांशी एकदा ओळख झाली की शब्द टाकतो. आता तुझं चुकलंच जरा. मला तवाच दिसलं व्हतं. समद्या खिडक्या तू एकाच अंगानं वजा केल्या."

इस्त्री थांबली.

"तवाच दिसलं व्हतं तुमाला?"

"हाव. तू लिहून राहिली व्हती तवाच."

"मग बोलला का न्हाईत?"

माझ्याकडं क्लार्कची सबब होती. ती सांगायच्या ऐवजी मी इस्त्रीची वायर सरळ करायला लागलो. शोभा शर्टाकडं बघत म्हणाली, "मला तुमची दिशा चुकलेली दिसली, तवा मी बोलले." मग तिनं इस्त्री उचलली, कॉलर पूर्ण केली, शर्ट हँगरला लावला आणि ती प्राचीच्या खोलीत गेली. त्या रात्री जेवताना आम्ही तिघं होतो आणि बोलत फक्त प्राची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावर असताना मोबाईलवर मेल आला. मंडळी भोवती जमली. एकजण म्हणाला, "वाचा की मोठ्यानं, साहेबांचं लेटर." मी उघडलं. पहिल्याच ओळीत नाव होतं : सौ. शोभा सुरेश गायकवाड. मी ते तीनदा वाचलं. मोबाईल नंबर माझा होता, मेल माझा होता, कारण तिच्या अर्जात मी फक्त नाव आणि जन्मतारीख तेवढी बदलली होती.

"वाचा ना," पुन्हा कुणीतरी म्हणालं.

"चष्मा घरी राहिलाय," मी म्हणालो. चष्मा माझ्या नाकावर होता. कुणी काही बोललं नाही, हा त्या मंडळींचा मोठेपणा.

घर दोन गल्ल्यांवर होतं. तेवढ्या वाटेत मला पुष्कळ गोष्टी सुचल्या. फर्मची चूक झाली असेल, नाव टाईप करताना गोंधळ झाला असेल, फोन करून विचारावं. पण खरं काय ते मला कळलं होतं. शोभा मेथी निवडत बसली होती. मी मोबाईल तिच्यापुढं धरला. तिनं ओल्या हातानं तो घेतला, सावकाश वाचला, पुन्हा वाचला.

"माझ्या अर्जात नंबर तुमचा टाकला व्हता व्हय?"

"हाव."

ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली नाही. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि विचारलं, "त्या खिडक्यांचं काय मग?"

शोभा उठली. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली, माझा हात धरला आणि खिडकीच्या आतल्या कडेवरून फिरवला. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. "ह्याला गिलावा न्हाई का?" ती म्हणाली. "भिंत नऊ इंच जाड हाय. ह्या चारी कडांना माल लागतो, हात लागतो. ते कोण मोजणार? म्हणून खिडकी एकाच अंगानं वजा करायची. दुसऱ्या अंगाची कपात सोडली की ह्या कडांचं भागतं. लई मोठं भोक असलं तर गोष्ट निराळी. नियमच हाय तसा."

अठरा वर्षं आम्ही एका ऑफिसात होतो. मी काढलेल्या हजारो खिडक्यांच्या कडा तिनं मोजल्या होत्या, आणि मला त्या कडा असतात हेच ठाऊक नव्हतं. माझ्या हिशेबानं बांधलं असतं तर चौकीदाराच्या घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या विटांच्या राहिल्या असत्या.

"मी बोलायला पायजे व्हतं," मी म्हणालो.

शोभा परत मेथीपाशी बसली. "बोलला असता तर मी तिथंच सांगितलं असतं की. तुमची बेरीज बराबर आली असती. नकाशा तर तुमचा चांगलाच व्हता." तिनं एक काडी बाजूला टाकली. "जागा तुमालाच मिळाली असती."

हे तिनं टोमणा म्हणून सांगितलं नाही. तिनं हिशेब सांगितला. म्हणूनच तो इतकी वर्षं लागून राहिला.

कट्ट्यावर मी दुपारी पुन्हा गेलो. म्हटलं, मंडळी, पेढे बरोबर होते, नाव चुकलं होतं. ते म्हणाले, "आमाला सकाळीच कळलं." आणि वर म्हणाले की वहिनींच्या नावानं पुन्हा पेढे झाले पाहिजेत. झाले.

प्राचीला वसतिगृहात ठेवून आम्ही लातूरला बिऱ्हाड केलं. पहिल्या दिवशी मी शोभाला औसा रोडपर्यंत सोडायला गेलो. बिरादार साहेब फाटकात भेटले. मला म्हणाले, "तुमचा नकाशा मी जपून ठेवलाय. नव्या पोरांना अक्षर दाखवायला." मी आभार मानले. नकाशे लोकांना जपून ठेवावेसेच वाटतात, त्याला माझा इलाज नाही.

पुढं मी लातुरात दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. एका चकचकीत ऑफिसात तिशीतल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्हाला बिम येतं का?"

मी म्हणालो, "येतं की. बीम, कॉलम, स्लॅब, सगळंच येतं."

त्या अवघडल्या. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की बिम ही कॉम्प्युटरवर काम करायची नवी पद्धत आहे, तिच्यात अख्खी इमारत आतल्या नळासकट यंत्रातच उभी राहते आणि विटाही आपोआप मोजल्या जातात. मी विचारलं, "आन् खिडकीच्या कडा?" त्या म्हणाल्या, "सांगितलं तर मोजतं." हे ऐकून मला थोडा धीर आला. सांगणारं माणूस अजून लागतं तर. नोकरी मात्र मिळाली नाही. शेवटी गंजगोलाईजवळ एका इंजिनिअरच्या छोट्या ऑफिसात मी टिकलो. घरांचे नकाशे काढतो. रेणापूरकडची, औशाकडची माणसं येतात, वहीच्या पाठकोऱ्या पानावर आपलं घर काढून आणतात आणि म्हणतात, "हे जरा सरळ करून द्या." करून देतो. उत्तर कुठं आहे ते आता आधी बाहेर जाऊन बघतो.

शोभा तिच्या फर्ममध्ये आता एस्टिमेट विभागाची मुख्य आहे. उमेदवारांची परीक्षा तीच घेते. टेपचं टोक धरायला कुणी कुणाला मदत करतं का, ते ती लांबून बघते, असं तिनं मला एकदा सांगितलं. त्याचे मार्क देते का, ते सांगितलं नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवार होता. ती एका शाळेच्या रंगकामाचा हिशेब घरी घेऊन आली होती आणि टेबलावर पसरून बसली होती. मी चहा ठेवायला गेलो आणि माझी नजर कागदावर पडली. वर्गांच्या दारांची यादी होती. दार सात फूट बाय साडेतीन फूट. आणि पुढं रंगाचं क्षेत्रफळ, दोन्ही बाजू धरूनही, पुष्कळच जास्त मांडलं होतं. प्रत्येक दाराला. ओळीनं.

मी कप खाली ठेवला. जुनी सवय अशी की पाणी प्यायला जावं.

"शोभा," मी म्हणालो, "दाराच्या रंगात तुझं चुकलंय."

तिनं मान वर केली. "कुठं?"

"हे बग. दार एवढंच हाय. रंग तू सव्वापटीनं वर धरलाय. समदीकडं."

तिनं माझ्या बोटाखालची ओळ वाचली. मग पुढची वाचली. तिची मान काही क्षण खालीच होती आणि मला वाटलं, या वेळी तरी मला खरोखर सापडलं.

"पॅनेलची दारं हायत ती," ती म्हणाली. "सपाट न्हाईत. खाचा हायत, पट्ट्या हायत, जाडीच्या कडा हायत. रंग समद्याला लागतो. म्हणून जास्ती धरायचं."

"म्हणजे चुकलं न्हाई?"

"न्हाई."

मी कप उचलायला वाकलो. तेवढ्यात तिनं शेजारची खुर्ची पायानं मागं ओढली.

"पण बोललात, ते बरं केलंत," ती म्हणाली. "बसा. खिडक्याबी तपासा आता."